गार्डाच्या मुलीचं हेवी लायसन

मला ट्रकचं हेवी लायसन काढायचं आहे, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई कढीसोबतचे डाळीचे फुनके वाफवत होती आणि बाबा ड्यूटीवरून येऊन मोरीत पाय धूत होते. आईनं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली, झाकण पुन्हा ठेवलं. बाबांनी मात्र पाय धुणं थांबवून विचारलं, "कावून?" मी म्हटलं, "चालवाले." "चालवाले तं सायकल आहे नं घरी," असं म्हणून त्यांनी दुसरा पाय धुवायला घेतला. आमच्या घरी नाही म्हणायची हीच पद्धत होती. पण हो म्हणायचीही हीच होती, त्यामुळे मी तिथंच उभी राहिले. शेवटी आईच म्हणाली, "आधी जेवून घे, मंग चालव काय चालवाचं ते," आणि विषय तेवढ्यापुरता ताटाखाली गेला.

छत्तीसगढात भिलाई-३ ला यार्डाच्या कडेला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं. यार्डात वॅगन एकमेकींवर आदळल्या की तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायचा आणि आमच्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. आईला त्याची इतकी सवय होती की यार्ड शांत झालं की तीच अस्वस्थ व्हायची आणि "काय झालं बाप्पा आज?" म्हणत दारात जाऊन उभी राहायची. आमची माणसं मूळची नागपूरकडची. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी घासाघीस करताना आई छत्तीसगढीत शिरायची, कारण त्या भाषेत भाव जास्त उतरतो असं तिचं मत होतं. उन्हाळ्यात ती शेजारणीकडून शिकलेली बासी करायची, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी कांदा-मिरचीसोबत खायचा. पण त्यावर जवसाची चटणी घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि शेजारीण ते पाहून कपाळाला हात लावायची. मी अजूनही बासी चटणी घालूनच खाते.

बाबा मालगाडीचे गार्ड. म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसून जाणारा माणूस. ड्रायव्हर पुढचं पाहतो, गार्ड मागचं. गार्डानं हिरवी झेंडी दाखवून शिट्टी दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही, मग इंजिनात कोणी का बसलेला असेना. हा नियम बाबांच्या अंगात इतका मुरला होता की आम्ही कुठं बाहेर निघालो तरी तेच सगळ्यांच्या शेवटी निघायचे. कुलूप ओढून पाहायचे, आम्हां सगळ्यांवर एकदा नजर फिरवायचे, मग म्हणायचे, "चला." तोवर आई फाटकाबाहेर पाऊल टाकत नसे आणि मीही नाही. आता त्या पदाला भारदस्त इंग्रजी नाव दिलंय म्हणे. बाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, झेंडी तं तीच आहे नं?

मला खरं तर इंजिन चालवायचं होतं. पण शाळेत असतानाच डोळ्यांवर जाड चष्मा चढला, आणि इंजिन चालवणाऱ्याला चष्म्याशिवाय लांबचं लख्ख दिसावं लागतं. तो दरवाजा तिथंच बंद झाला. ट्रकला चष्मा चालतो, हे मला एका ठेकेदारानं सांगितलं. रसमडा गावच्या एका कारखान्यात त्याचे डंपर चालायचे आणि त्याला ड्रायव्हर हवे होते. मामाची जीप चालवून मी हलक्या गाडीचं लायसन आधीच काढलं होतं, ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, "हे माझ्या कामाचं नाही. हेवी घेऊन ये. दिवाळीनंतर गाडी देतो. तोवर नाही आलीस तर दुसऱ्याला देईन." त्याच सुमारास गोंदियाहून एक स्थळ येऊ घातलं होतं. मुलगा चांगला होता, उगीच नावं ठेवणार नाही, पण मला तो नको होता, मला डंपर हवा होता. लायसन मिळालं तर डंपर, नाही तर गोंदिया, असा तो सरळ हिशोब होता. मी मुलगी असल्याचं कौतुक आणि टिंगल दोन्ही त्या दिवसांत पोटभर झालं; ते इथं पुन्हा वाढत बसत नाही.

हेवी लायसनची परीक्षा द्यायची तर ड्रायव्हिंग शाळेचा दाखला लागायचा. शाळा कुम्हारीला. शाळा म्हणजे हायवेच्या कडेचं मैदान, टिनाची शेड आणि एक म्हातारा सहा चाकी ट्रक. शिकवायला वर्माजी, ठेंगणे, शांत, तोंडात कायम पान. पुष्कळ शाळा तेव्हा चार चकरा मारून दाखला द्यायच्या. वर्माजी मात्र गाडी नीट चालवता येईपर्यंत दाखल्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. माझ्यासोबत शिकणारी बहुतेक पोरं आधी ट्रकवर खलाशी, म्हणजे ड्रायव्हरचे मदतनीस, राहिलेली, गिअर-क्लच तर झोपेतही टाकतील अशी. पण त्यांची एक खोड होती, डावा आरसा पाहायचाच नाही. रस्त्यावरच्या कितीतरी ट्रकांचा डावा आरसा तेव्हा दुमडलेला असायचा. डावीकडचं खलाशी पाहतो आणि पत्र्यावर थाप मारतो: एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला त्या बाजूला डोळा लागतच नाही. वर्माजी यावर फार चिडायचे. "परीक्षा में बाजू में खलासी नहीं, साहब बैठेगा," ते म्हणायचे, "और साहब थपकी नहीं मारता, फेल मारता है." मी त्या पोरांना हसायचे. माझा आरसा दुमडलेला नाही, याचा मला मोठा अभिमान होता.

बाबांनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी ते सरळ कुम्हारीच्या मैदानावर येऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहिलं, मग पिशवीतून झेंड्या काढल्या, शिट्टी गळ्यात घातली आणि ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले. मी मागे घ्यायचा गिअर टाकायचा, दोनदा हॉर्न द्यायचा. मागून शिट्टी यायची, उजव्या आरशात हिरवी झेंडी हलायची आणि मी क्लच सोडायचा. लाल झेंडी दिसली की ब्रेक. काय सुरेख मागे यायची गाडी! चुन्याच्या दोन रेषांमध्ये नेमकी शिरायची. खलाशी पोरं टाळ्या वाजवायची. बाबा झेंडी गुंडाळत पुढं यायचे आणि कौतुक न करता म्हणायचे, "डावं चाक थोडं बाहेर गेलं होतं. पुन्हा घे." सुट्टी मिळेल तेव्हा ते यायचे आणि मी मागे घ्यायचा सराव त्यांच्यासाठीच राखून ठेवायचे. वर्माजी एकदा हळूच म्हणाले होते, "बेटी, पिताजी को कभी चाय पर भी बिठाया करो." मला वाटलं, त्यांना बाबांच्या पायांची काळजी आहे.

परीक्षेचं मैदान दुर्गकडे. त्या दिवशी बाबा रात्रीची गाडी पोचवून तिथूनच आले, पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पिशवी. कुंपणाच्या तारेबाहेर बाकीच्यांच्या नातेवाइकांत उभे राहिले. माझ्या शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले. त्यांनी काय काय विचारलं ते सगळं मला आलं. ब्रेकच्या हवेचं प्रेशर किती झाल्याशिवाय निघायचं नाही, उतारावर कुठला गिअर, चढावर गाडी थांबवून पुन्हा कशी उचलायची, सगळं. साहेब मान हलवत होते. मग ते म्हणाले, "अब पीछे लो. दोनों लाइन के बीच में." मी गिअर टाकला. दोनदा हॉर्न दिला. आणि थांबले.

आज हे लिहिताना हसू येतं. माझा पाय क्लचवरून उचलेना. ट्रकमागे कोणी नाही, शिट्टी येणार नाही, हे मला डोक्यात कळत होतं, पण पायाला कळत नव्हतं. साहेबांनी विचारलं, "क्या हुआ?" आणि माझ्या तोंडून गेलं, "सर, पीछे से सिग्नल नहीं मिला." ते माझ्याकडे पाहतच राहिले. उजव्या आरशात मला तारेपलीकडचे बाबा दिसत होते. त्यांना सगळं उमगलं होतं. त्यांचा हात पिशवीकडे गेला, आत शिरला. मी आरशात डोळे लावून बसले होते. पण हात तसाच रिकामा बाहेर आला आणि बाबांनी तो पाठीमागे घेतला. मग मी घाबरून क्लच सोडला, तो एकदम सोडला. गाडीनं हिसका दिला, डावं चाक रेषेबाहेर आणि मागे हद्दीसाठी रोवलेला बांबू आडवा. साहेब वाईट माणूस नव्हते. खाली उतरताना म्हणाले, "बेटी, ट्रक में गार्ड नहीं होता. सीखकर फिर आना."

परत येताना बसमध्ये मी बाबांपासून दूरच्या सीटवर बसले. घराजवळ आल्यावर एकदाच विचारलं, "झेंडी कावून नाई दाखवली?" ते म्हणाले, "तिथं माही ड्यूटी नव्हती. ज्याची ड्यूटी नाई त्यानं झेंडी दाखवाची नसते." मला इतका राग आला की मी जेवले नाही. आईनं पोळीवर लसूण-तिखटाचा भुरका आणि वर तेल घालून ताट माझ्या खाटेशी आणून ठेवलं. भुरक्याच्या वासापुढं माझा राग फार वेळ टिकायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. मी निम्मी पोळी खाल्ली. बाहेर बाबा अंगणात बसून होते. त्यांनीही जेवण अर्ध्यावर सोडलं, असं आईनं नंतर सांगितलं.

पुढं जे झालं त्याची मला कल्पनासुद्धा नव्हती. दोन-तीन दिवसांनी मी कुम्हारीहून आले तर घरात एक परका माणूस खुर्चीवर बसलेला, आई चहा गाळत होती आणि बाबा खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होते. तो माणूस दलाल होता. लायसन करून द्यायचा. मला पाहून म्हणाला, "बिटिया को आने की भी ज़रूरत नहीं. फोटो दे दो, बस." मी बाबांकडे पाहिलं. आपली ड्यूटी नाही म्हणून ज्यांनी भर मैदानात मुलीसाठी झेंडी उचलली नाही, त्यांनीच हा माणूस घरात आणला होता. त्यांना माझ्याकडे पाहवत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मले गाडी मागं घेता येत नाई."

"येते तुले. मी पाह्यलं नं सोताच्या डोळ्यानं."

"तुमी मागं असले तं येते. तुमी नसले का माहा पायच उचलत नाई. लायसन हातात आलं तरी नाई उचलणार. मंग रसमड्याले मी कोनाच्या अंगावर गाडी घालू?"

दलालानं चहा संपवला, बशी नीट ठेवली आणि "सोच लीजिए" म्हणून निघून गेला. आई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, गेला," आणि त्याचा कप वेगळा विसळून ठेवला. बाबांनी सतरंजीचा धागा सोडला. मग म्हणाले, "माह्यामुळं झालं हे, कुंदे. मले वाटे, मागून कोनीतरी पाह्यलं पाह्यजे. तुले एकटीले कसं सोडाचं?" एवढं बोलताना त्यांचा आवाज कातर झाला. बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडता रडता फार बरंही वाटलं, कारण इतके दिवस त्यांच्या मनात नकार आहे असं मी धरून चालले होते आणि तो नकार नव्हता, भीती होती.

पुढच्या सुट्टीला ते पुन्हा मैदानावर आले, या वेळी पिशवीशिवाय. वर्माजींनी त्यांना हात धरून ट्रकमध्ये चढवलं आणि माझ्या डावीकडे खलाशाच्या जागेवर बसवलं. "पिताजी, यहाँ बैठो. देखो सब, बोलो कुछ नहीं." बाबांचं सारं आयुष्य गाडीच्या मागच्या टोकाला गेलेलं, समोर काच आणि पुढं रस्ता असं ते बहुधा पहिल्यांदाच बसले असतील. वर्माजींनी मागे कुठंतरी तेलाचा रिकामा पिपा नेऊन ठेवला आणि मला विचारलं, "कहाँ है?" उजव्या आरशात नव्हता. डाव्यात नव्हता. मी मान वाकडी करकरून पाहिलं. बाबांनीही पाहिलं, आणि न बोलायचं विसरून म्हणाले, "येवढंच दिसते तुले?"

"येवढंच."

"मंग तो पिपा?"

"इसीलिए उतरना है," वर्माजी खालून म्हणाले. "उतर, घूम के देख, याद रख, फिर चढ़. झन डर बेटी, कोनो नइ भगावत हे तोला." घाबरू नको, तुला कोणी पळवत नाहीये, असं त्यांचं म्हणणं. मी उतरले, ट्रकला फेरी मारली. पिपा बरोबर मधोमध होता, दोन्ही आरशांना चुकवून. तो कुठं आहे हे डोक्यात बसवलं, वर चढले, हॉर्न दिला. पाय पुन्हा घुटमळला. शेजारी बाबा होते, पण ते समोर पाहत बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण मोकळे राहिले असते तर त्यांनी नक्की काहीतरी खूण केली असती. ते हात पाहून मला हसू आलं आणि हसता हसताच पाय उचलला गेला. गाडी वेडीवाकडी मागे आली, पण माझी मी आणली. पिप्याला न लागता अलीकडेच थांबली. तो दिवस संपेपर्यंत आम्ही पिप्याच्या किती जागा बदलल्या कोण जाणे. खलाशी पोरांनीही आपापल्या पाळीला डावा आरसा पाहत तोच खेळ मांडला.

मी स्वतः आता शिकवते. आमच्याकडे सिम्युलेटर आहे, परीक्षेच्या मैदानावर कॅमेरे आहेत, चाक रेषेला लागलं की यंत्रच ओरडतं. चांगलंच आहे, मी कुरकुर करणार नाही; वर्माजींच्या काळी नीट शिकणं हे शिकवणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून होतं, आता नियमावर आहे, आणि दलालांची पंचाईत झाली आहे याचा मला मनापासून आनंद होतो. पण खुर्चीवर बसून पडद्यावरची गाडी मागे घेणाऱ्या पोरांना मी उठवते आणि बाहेर उन्हात खऱ्या ट्रकला फेरी मारायला लावते. ती वैतागतात. वैतागू देत.

माझी दुसरी परीक्षा दिवाळीच्या आधीच झाली, आणि तेव्हाही तेच साहेब होते. त्यांनी मला ओळखलं, हे त्यांच्या मिशीतल्या हसण्यावरून कळलं. बाकीचं सगळं आटोपून ते म्हणाले, "पीछे लो." मी हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं. "कहाँ जा रही हो?" "पीछे देखने, सर." मी फेरी मारली. मागे चुन्याच्या रेषा आणि कुणाचीतरी तुटकी चप्पल, एवढंच. तारेपलीकडे बाबा होते, पण मी तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही. वर चढले, हॉर्न दिला, क्लच सोडला. डाव्या आरशात पांढरी रेषा आली आणि चाकाला धरून सरकत राहिली, शेवटपर्यंत. साहेबांनी कागदावर काहीतरी केलं. "पास. अगले को भेजो." बस, एवढंच. मी उतरले. गोंदिया, चष्मा, दलाल, सगळं अंगावरून उतरल्यासारखं झालं. मी तारेजवळ बाबांपाशी गेले. ते म्हणाले, "चाक नाई गेलं बाहेर."

वर्माजींनी परीक्षेला आणलेला शाळेचा ट्रक कुम्हारीला परत न्यायचा होता. ते म्हणाले, तूच चालव. वर्माजी मध्ये बसले, बाबा डाव्या खिडकीशी. बाबांना वाटेत भिलाई-३ च्या फाट्यावर उतरवायचं ठरलं होतं, आई वाट पाहत असणार. आता एक गोष्ट सांगते. बाबा चालत्या गाडीत झोपत नसत. ड्यूटीवर तर नाहीच, पण सुट्टीवर नागपूरला जातानाही ते खिडकीशी ताठ बसून येणारा प्रत्येक सिग्नल पाहायचे. आईनं किती वेळा सांगितलं असेल, जरा डोळे मिटा म्हणून. त्या दिवशी हायवेला लागल्यावर थोड्या वेळानं वर्माजींनी मला कोपरानं ढोसलं. मी पाहिलं. बाबांचं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं आणि ते गाढ झोपले होते.

फाटा आला. वर्माजींनी हळूच विचारलं, "उठाएँ?" मी मान हलवून नको म्हटलं. आरसे पाहिले, गिअर शक्य तितक्या हलक्या हातानं बदलला आणि आमच्या घराचा फाटा मागे टाकून ट्रक तसाच पुढं कुम्हारीकडे नेला.